शिरीचा हिशोब

सासरे शिरी बांधतात तेव्हा बोलत नाहीत,
तोंडात काथ्या असतो.

बाभळीच्या फांद्या आधी दोन दिवस उन्हात.
ओली फांदी कुजते, मासा वासानं लांब जातो,
हे त्यांना त्यांच्या आज्यानं सांगितलं,
त्यांनी मला.
माझा पोरगा निपाणीत मोबाईल दुरुस्त करतो.

सदलग्याच्या खाली दूधगंगा जिथं संथ होते,
बिनकामाची वाटते,
तिथं छातीभर पाण्यात सहा बांबू रोवायचे
आणि मधे फांद्या, काटे आतल्या अंगाला,
वर दगड, दगडाखाली शेंगपेंडीची पोटली.
मग घरी यायचं.
वीस दिवस तिकडं बघायचंसुद्धा नाही, असं म्हणतात.
सासरे रोज बघून येतात.

आधी शेवाळ धरतं. शेवाळाला किडे,
किड्यांना झिंगे, झिंग्यांमागं चिलापीची पोरं,
आणि एका रात्री, कुणी न बोलावता, मरळ.
भाडं न घेता वसलेली वस्ती.
भाडं आम्ही एकदाच घेतो.

वही माझ्याकडे.
तंबाखूच्या वखारीनं दिलेलं कॅलेंडर, मागची कोरी बाजू:
बांबू ६, दर ८०, झाले ४८०.
काथ्या १५०.
पेंड तीन किलो १३५.
फांद्या फुकट (बांधाच्या मालकाला किलोभर मासे,
ते लिहीत नाही).
दोन माणसांचा एक दिवस, तोही लिहीत नाही,
लिहिला तर धंदाच राहत नाही.
खर्च ७६५.

पहिली ओढ.
चारी बाजूंनी जाळं, फांद्या एकेक बाहेर,
काटे हातात, हात थंड, आणि मधलं पाणी
अचानक उकळल्यासारखं.
चिलापी नऊ किलो, सत्तरनं.
मरळ दोन, तीनशे पस्तीसनं.
एक वांब, तीनशेला गेली, विकताना माझ्या मनगटाला वेढा घालून बसलेली.
दस्तगीर कन्नडात भाव पाडतो,
मी मराठीत नाही म्हणते,
पैसे दोघांना कळतात.
सोळाशे.
ठेकेदाराचा चौथा हिस्सा चारशे.
उरले ४३५.

जाऊ म्हणाली, एवढ्यात मी विड्या वळून सावलीत बसले असते.
खरं आहे.
पण विडी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वळावी लागते.
बांबू उभेच राहतात. दुसऱ्या ओढीला
खर्च फक्त पेंडीचा.
हे मी तिला कॅलेंडरवर दाखवलं,
तिनं तारखांची बाजू उलटून अमावस्या बघितली.

तिसरी ओढ झालीच नाही.
वर काळम्मावाडीतून पाणी सोडलं, रात्रीत,
सकाळी नदीत आमचं काही नव्हतं.
सासरे काठावर उकिडवे.
पलीकडं दत्तवाड, पलीकडं महाराष्ट्र,
शिरी तिकडं लागली होती, झाडाच्या मुळात अडकून,
हे पुलावरनं दूध घालायला येणाऱ्यानं सांगितलं,
आणि हेही की त्या पोरांनी जाळं लावून
अकरा किलो काढले.
मी लिहिलं: तोटा. किती ते लिहिलं नाही.
ज्याला कुणी पाळलं नाही ते मासे
कुणाचे म्हणून मांडायचे?

चौथ्या दिवशी सायकलला आडवे बांधलेले सहा बांबू घेऊन
एक पोरगा दारात.
पिशवीत एक मरळ, कडूलिंबाच्या पाल्यात.
म्हणाला, गाठ सुटंना,
तवा कळलं मामाची हाय.

दत्तवाडात दिलेली नणंद-आत्या,
सासऱ्यांची थोरली बहीण. गाठ तीही बांधायची,
उलटा फास, दोन वेढे, टोक आत.
ती जाऊन बारा वर्षं झाली.
इकडून कुणी गेलं नव्हतं. का, ते मी या घरात
कधी विचारलेलं नाही.

पोराला चहा दिला. सासरे आतच.
तो पुलाकडं वळल्यावर म्हणाले,
गाठ कापली का सोडली, बघ.

पिशवीच्या तळाशी काथ्या होता,
अख्खा, वेटोळं करून, अजून ओला.

मी कॅलेंडर काढलं
आणि दीडशे खोडले.